बालगृहातून बाहेर पडताना आधी समितीचा आदेश, मग बाकीचे दाखले

वाचकाचे पत्र

मी पुण्यात धायरीला राहते, शाळेत गणित शिकवते आणि गेली सहा वर्षे दर रविवारी शहरातल्या एका बालगृहात मुलांचा अभ्यास घेते. तिथल्या माझ्या दोन विद्यार्थ्यांसाठी हे पत्र आहे. मुलगी अगदी तान्ही असल्यापासून संस्थेतच वाढली, आईवडील कोण हे कुणालाच ठाऊक नाही. तीन महिन्यांपूर्वी अठरा पूर्ण झाल्यावर ती बाहेर पडली. सध्या कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहते, एका दुकानात काउंटरवर काम करते आणि तिला बीसीएला प्रवेश घ्यायचा आहे. मुलगा चार महिन्यांनी अठराचा होईल. त्याचे वडील वारले, आई बीड जिल्ह्यातली, ऊसतोडीला जाते. त्याला आयटीआय करायचे आहे. दोघांसाठी मी रेशन, संजय गांधी योजना, लाडकी बहीण अशा सगळीकडे विचारून आले. मुलीला ‘उत्पन्नाचा दाखला आणि वडिलांची सही आणा’ असे सांगतात. मुलाला ‘आई आहे ना, मग तू अनाथ नाहीस, तुला काही मिळणार नाही’ असे सांगून परत पाठवतात. पालक म्हणून मीच सही करून टाकू का? आणि सुरुवात नेमकी कुठून करू?

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र दोनदा वाचले. तुम्ही हेलपाटे घातलेत ते वाया गेले असे मी म्हणणार नाही, पण तुम्ही ज्या दारांवर गेलात ती या दोघांसाठी पहिली दारे नव्हती. रेशन, निराधार अनुदान, लाडकी बहीण या सर्वांसाठीच्या योजना आहेत आणि त्यांची खिडकी पलीकडे एक कुटुंब आहे असे धरून चालते. कुटुंबप्रमुख कोण, वार्षिक उत्पन्न किती, पत्ता कोणता, हे तिचे पहिले प्रश्न असतात. संस्थेत वाढलेल्या मुलाकडे या तिन्हींची उत्तरे नसतात, आणि तो तिथेच थांबतो. त्याच्यासाठी कायद्याने वेगळा रस्ता आखून ठेवला आहे आणि तो बाल कल्याण समितीपासून, म्हणजे मुलांना संस्थेत ठेवण्याचे व सोडण्याचे आदेश देणाऱ्या समितीपासून सुरू होतो. म्हणून आधी समितीचा आदेश, मग अनाथ प्रमाणपत्र लागू असेल तर ते, मग बँक खाते, आणि त्यानंतर बाकीचे दाखले, हा क्रम मी आग्रहाने सांगते.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण तुमच्या विद्यार्थ्याला परत पाठवणाऱ्या माणसाची चूक नेमकी तिथे झाली. ‘अनाथ असणे’ आणि ‘संस्थेतून बाहेर पडणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनाथ प्रमाणपत्र, त्यावर मिळणारे आरक्षण आणि फीमाफी हे पहिल्या गोष्टीवर अवलंबून आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ मध्ये सांगितलेले अनुरक्षण, ज्याला कार्यालयातही सगळे ‘आफ्टरकेअर’च म्हणतात, ते दुसऱ्या गोष्टीवर अवलंबून आहे. त्या कायद्यातली आफ्टरकेअरची व्याख्या अशी आहे की, वयाची १८ वर्षे पूर्ण झालेली पण २१ पूर्ण न झालेली आणि संस्थेतली देखभाल सोडून समाजात उभी राहू पाहणारी व्यक्ती, तिला आर्थिक किंवा अन्य स्वरूपाचा आधार देणे. या व्याख्येत आईवडील हयात आहेत की नाहीत हा प्रश्नच नाही. बालगृहांतल्या मुलांमध्ये दोन्ही पालक नसलेल्यांखेरीज एक पालक असलेली, पण त्या पालकाला सांभाळणे शक्य नसलेली मुलेही असतात. या मुलांना ‘तुम्ही अनाथ नाही’ एवढ्या एका वाक्यावर सगळ्याच लाभांपासून दूर ठेवले जाते, हे मी परिविक्षा अधिकारी, म्हणजे मुलांची परिस्थिती तपासून अहवाल देणारी अधिकारी, म्हणून नोकरी करताना पुन्हा पुन्हा पाहिले आहे आणि अजूनही ते ऐकले की मला स्वस्थ बसवत नाही.

आता तुमच्या विद्यार्थ्यापासून सुरुवात करते, कारण त्याच्या बाबतीत तुमच्या हातात अजून चार महिने आहेत. या कायद्याखालील नियमांत असे म्हटले आहे की, मूल संस्थेतून बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी परिविक्षा अधिकारी, बालकल्याण अधिकारी किंवा केस वर्कर यांनी त्याच्या पुढच्या आयुष्याचा आराखडा तयार करून समितीपुढे ठेवायचा आणि त्यात आफ्टरकेअरची गरज असल्यास तशी शिफारस करायची. समिती त्यावर आदेश देते. तो आदेश २१ वर्षांपर्यंत चालतो आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षे वाढवता येतो. तेव्हा येत्या रविवारी बालगृहात जाल तेव्हा अधीक्षकांना भेटून या मुलाची वैयक्तिक देखभाल योजना तयार आहे का, आराखडा कोण लिहिणार आहे आणि तो समितीपुढे केव्हा जाणार आहे, एवढे तीन प्रश्न विचारा. हे प्रश्न तक्रारीच्या सुरात विचारू नका. अधीक्षकांवर कामाचा बोजा असतो, आणि अमुक मुलाची तारीख जवळ आली आहे याची बाहेरच्या माणसाने वेळेवर करून दिलेली आठवण त्यांच्याही उपयोगाची असते.

समिती त्याच्या आईचा विचार करेल, आणि तिने तो करायलाही हवा, कारण मूल शक्यतो कुटुंबात परत जावे हे त्या कायद्याचे मूळ धोरण आहे. ‘आईकडे का जात नाहीस’ हा प्रश्न त्याला विचारला जाईलच. त्याचे उत्तर अहवालात आधीच लिहिलेले असले पाहिजे. ऊसतोडीच्या हंगामात सहा-सहा महिने आई फडावर असते, टोळी कारखाना बदलते, राहायला पालाची खोपी असते आणि तिथून आयटीआयला जाणे अशक्य आहे, ही परिस्थिती गृहभेटीच्या अहवालात तारखा आणि गावांसह आली की समितीला निर्णय घेणे सोपे जाते. कायद्याच्या ४६व्या कलमाची भाषा ‘आर्थिक साहाय्य देता येईल’ अशी आहे, ‘दिलेच पाहिजे’ अशी नाही. म्हणूनच या मुलाला ते का द्यायला हवे हे कागदावर नीट मांडणे फार महत्त्वाचे ठरते. आयटीआयचा कोणता ट्रेड, किती वर्षांचा, प्रवेशप्रक्रिया केव्हा सुरू होते आणि राहण्याची सोय काय, हे सगळे त्या अर्जात असू द्या. औंधच्या शासकीय आयटीआयमध्ये प्रवेश मिळाला तर तो रोज कुठून ये-जा करणार, इतका बारीक तपशील लिहिलात तरी तो जास्त होणार नाही.

आदेश झाला की आर्थिक साहाय्याचा भाग जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जातो. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत आफ्टरकेअरसाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे आणि नियमांप्रमाणे हे पैसे थेट त्या तरुणाच्या स्वतःच्या खात्यात जायचे असतात. पुण्यात ४,००० रुपयांत काय होते हे तुम्हाला मी सांगायला नको, खोलीतल्या एका कॉटचे भाडे आणि मेस यांतच ते संपतात. शिवाय शासकीय निधी हप्त्यांनी येतो आणि कधीकधी काही महिन्यांचे पैसे एकदम जमा होतात, त्यामुळे पहिले दोन-तीन महिने कसे काढायचे याची वेगळी तजवीज करून ठेवा. नियमांत रोख रकमेखेरीज आणखीही गोष्टी आहेत. सहा ते आठ जणांनी मिळून राहण्याची तात्पुरती गटनिवासाची सोय, कौशल्य प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती आणि समुपदेशक यांची त्यांत तरतूद आहे. अशी सेवा देणाऱ्या संस्था व व्यक्तींची यादी जिल्हा बाल संरक्षण कक्षाने ठेवायची असते. ती यादी मागा. गटनिवासात जागा मिळाली तर या मुलाच्या बाबतीत मी पैशांपेक्षा तिला अधिक महत्त्व देईन, कारण पहिल्या वर्षी राहण्याची जागा हातची गेली की शिक्षणही सुटते.

आता मुलीकडे येते. ती तीन महिन्यांपूर्वीच बाहेर पडली आहे म्हणून तिची वेळ टळली असे समजू नका. वर सांगितलेल्या व्याख्येत ती आजही पूर्णपणे बसते, कारण तिने संस्था सोडली आहे आणि तिला २१ व्हायला जवळजवळ तीन वर्षे आहेत. तिने स्वतःच्या सहीने बाल कल्याण समितीला उद्देशून अर्ज लिहावा, त्याची एक प्रत जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्यांना द्यावी आणि दोन्ही ठिकाणी स्वतःजवळच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा. पोच न घेता दिलेला अर्ज आणि न दिलेला अर्ज यांत कार्यालयाच्या लेखी काहीच फरक नसतो. अर्जासोबत संस्थेत दाखल करतानाचा समितीचा आदेश, संस्थेतून मुक्त करतानाचा आदेश, आधार, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला यांच्या प्रती जोडाव्यात. यांतला कुठला कागद तिच्याकडे नसेल तर तो संस्थेच्या दप्तरात असतो, आणि तो मागणे म्हणजे कुणावर उपकाराचे ओझे टाकणे नव्हे.

तिच्यासाठी दुसरा, आणि दूरच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा कागद म्हणजे अनाथ प्रमाणपत्र. राज्याने २०१८ साली अनाथांसाठी शिक्षण व शासकीय नोकरीत १ टक्का आरक्षण लागू केले. पुण्यात राहून स्पर्धा परीक्षा देणाऱ्या अमृता करवंदे यांनी केलेला पाठपुरावा त्यामागे होता. पुढे या धोरणात सुधारणा होत गेल्या आणि ६ एप्रिल २०२३च्या शासन निर्णयानंतर ‘संस्थात्मक’ आणि ‘संस्थाबाह्य’ अशा दोन वर्गवारी झाल्या. वयाची १८ वर्षे पूर्ण होण्याआधीच आईवडिलांचे छत्र हरपलेली आणि संस्थेत वाढलेली मुले पहिल्या वर्गात, तर नातेवाइकांकडे किंवा संस्थेबाहेर वाढलेली दुसऱ्या वर्गात येतात. तुमची विद्यार्थिनी पहिल्या वर्गातली आहे. प्रमाणपत्र महिला व बाल विकास विभागाचे विभागीय उपायुक्त देतात आणि त्यासाठीचा प्रस्ताव संस्था व जिल्हा कार्यालयामार्फत जातो. राज्याचे महिला व बाल विकास आयुक्तालयही पुण्यातच आहे, त्यामुळे पाठपुराव्यासाठी तिला दुसऱ्या शहरात जावे लागणार नाही, ही तिची मोठी सोय आहे. संस्थेने तिचा प्रस्ताव आधीच पाठवला असण्याचीही शक्यता आहे, म्हणून नवा अर्ज करण्यापूर्वी ते विचारून घ्या. दोनदा गेलेला प्रस्ताव हमखास लांबतो.

हे प्रमाणपत्र हाती आले की ‘उत्पन्नाचा दाखला कुणाचा आणू’ आणि ‘वडिलांची सही कुठून आणू’ या दोन्ही प्रश्नांना तिच्याकडे लेखी उत्तर असेल. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात जी शंभर टक्के सवलत मिळाली, तीत या दोन्ही वर्गांतल्या अनाथ मुलग्यांचा आणि मुलींचा समावेश आहे. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून झालेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. त्यामुळे ‘मॅडम, आमच्याकडे थेट प्रवेश आहे, फी हप्त्याने भरा’ असे सांगणाऱ्या महाविद्यालयाला तिने नम्रपणे नकार द्यावा आणि प्रवेश परीक्षा व कॅपच्या, म्हणजे याच केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या फेऱ्यांमधूनच जावे, त्यासाठी एक वर्ष थांबावे लागले तरी चालेल. हे मी विचार करून लिहिते आहे. अठराव्या वर्षी फीचे कर्ज डोक्यावर घेऊन काउंटरवर बारा तास उभ्या राहणाऱ्या आणि दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. बीसीए आता एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) कक्षेत आले आहे. त्यामुळे त्या परिषदेची अनाथ विद्यार्थ्यांसाठी असलेली, वर्षाला ५०,००० रुपयांची ‘स्वनाथ’ शिष्यवृत्तीही तिने पाहावी, तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा असतो. समाजकल्याण विभागाच्या शासकीय वसतिगृहांतही अनाथ विद्यार्थ्यांसाठी थोड्या जागा राखीव असतात. त्या थोड्याच असतात, म्हणून अर्जाची मुदत सुरू होताच अर्ज करावा.

मुलाला अनाथ प्रमाणपत्र मिळणार नाही, आणि ते मिळवण्याच्या खटपटीत पडूही नका, कारण त्याची आई आहे आणि तसे प्रतिज्ञापत्र करणे खोटे ठरेल. त्याचा आधार वेगळा आहे. त्याच्या घराची जात आरक्षणात येत असेल तर जातीचा दाखला हा त्याचा कळीचा कागद ठरेल, आणि तो मूळ गावच्या, वडिलांकडच्या पुराव्यावर निघतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा वास्तव्याचा किंवा जातीचा पुरावा मागितला जातो. आजोबांच्या किंवा चुलत्यांच्या शाळेच्या दाखल्यावरची नोंद, जुना सातबारा, गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, असे काहीतरी शोधावे लागते. बालगृहात आल्यावर अनेक मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीचा रकाना कोरा राहतो आणि पुढे तोच कोरा रकाना आडवा येतो. नातेवाइकांशी बोलणे अजून सुरू आहे तोवरच हे काम उरका. नाती पातळ होत गेली की कागदही मिळत नाहीत.

त्याचे नाव आईच्या शिधापत्रिकेवर आहे का, हेही त्याच फेरीत पाहा. असल्यास ‘एक देश एक शिधापत्रिका’ व्यवस्थेमुळे त्याच्या वाट्याचे धान्य तो पुण्यातल्या कोणत्याही रास्त भाव दुकानातून अंगठा लावून घेऊ शकतो, त्यासाठी नाव कमी करण्याची गरज नाही. मुलीला मात्र स्वतंत्र शिधापत्रिकेसाठी तिच्या भागाच्या शिधावाटप परिमंडळ कार्यालयात अर्ज करावा लागेल. अनाथ प्रमाणपत्र हाती येईपर्यंत मी तिला त्या रांगेत उभे करणार नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या सर्व कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, त्यासाठीही शिधापत्रिका किंवा अधिवास प्रमाणपत्र लागते. म्हणून वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र दोघांनीही याच वर्षी काढून घ्यावे. हा दाखला लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली येतो, त्याला ठरलेली मुदत आहे आणि मुदत टळल्यास अपील करता येते. लाडकी बहीण योजना २१ वर्षांपासून पुढे आहे आणि संजय गांधी योजनेतली अनाथांसाठीची तरतूद १८ वर्षांच्या आतल्यांसाठी आहे, तेव्हा या दोन्हींचा विचार सध्या सोडून द्या. अपंगत्व असते तर संजय गांधी योजनेबद्दल मी वेगळे लिहिले असते.

बँकेबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण मिळालेले पैसे इथे अडकतात किंवा बुडतात. संस्थेत असताना मुलांची खाती बहुधा अधीक्षकांच्या संयुक्त सहीने उघडलेली असतात आणि आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक संस्थेचा किंवा एखाद्या कर्मचाऱ्याचा असतो. मूल बाहेर पडते, कर्मचाऱ्याची बदली होते, आणि मग प्रत्येक ओटीपी अशा माणसाच्या फोनवर जातो ज्याला हे मूल आठवतही नाही. म्हणून मुलाने बाहेर पडण्याआधी आणि मुलीने याच आठवड्यात, स्वतःच्या नावावरच्या सिमचा क्रमांक आधार केंद्रात जाऊन जोडून घ्यावा. पत्ता बदलण्याची घाई करू नये. कॉट बेसिसवर राहणाऱ्याला घरमालक भाडेकरार करून देत नाहीत, आणि दर सहा महिन्यांनी बदलणारा पत्ता आधारवर चढवण्यापेक्षा दाखले हाती येईपर्यंत संस्थेचा पत्ता राहू देणे बरे, मात्र तसे संस्थेला विचारून. १८ पूर्ण झाल्यावर खात्याची केवायसी नव्याने करून ते एकट्याच्या नावावर घ्यावे आणि खाते आधारशी थेट लाभासाठी जोडलेले आहे याची बँकेतून खात्री करावी. संस्थेत असताना दोघांपैकी कुणाच्या नावे काही ठेव ठेवली असेल, एखाद्या देणगीदाराने किंवा नुकसानभरपाईतून, तर तिची पावती मागावी. बालगृहात करोनाने दोन्ही पालक गमावलेली मुले असतील तर त्यांची स्वतंत्र चौकशी करा. पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन योजनेत अशा मुलांना १८ वर्षांनंतर मासिक विद्यावेतन आणि २३व्या वर्षी १० लाख रुपये मिळतात, शिवाय राज्याने त्यांच्या नावे ५ लाखांची मुदत ठेव ठेवली आहे.

आणखी एक धोका तुम्ही दोघांनाही स्पष्ट शब्दांत सांगा. ‘तुझे खाते फक्त महिनाभर वापरायला दे, दोन-तीन हजार देतो’ असे म्हणणारे लोक एकट्या राहणाऱ्या तरुणांना बरोबर हेरतात. त्या खात्यातून सायबर फसवणुकीचे पैसे फिरतात, खाते गोठवले जाते आणि पोलिसांच्या चौकशीला सामोरे जावे लागते ते या मुलाला. पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम कुणालाही द्यायचे नाही, मित्रालाही नाही. दिले गेलेच असेल तर लपवून न ठेवता लगेच बँकेला कळवावे आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या क्रमांकावर फोन करावा.

आता तुमचा प्रश्न, पालक म्हणून सही करू का. करू नका. अठरा पूर्ण झालेल्या व्यक्तीला पालक लागत नाही, आणि जो अर्ज ‘वडिलांची सही’ मागतो त्यावर तुमची सही करून काम तात्पुरते निघाले तरी पुढच्या प्रत्येक कागदावर ‘पालक’ म्हणून तुमचेच नाव का नाही, असा नवा प्रश्न उभा राहील. तिथे तिने ‘लागू नाही, बाल कल्याण समितीच्या आदेशाची प्रत जोडली आहे’ असे लिहावे. कार्यालयाने तरीही अर्ज घ्यायला नकार दिला तर तो नकार लेखी मागावा. लेखी नकार द्यायची वेळ आली की पुष्कळदा अर्ज घेतला जातो. प्रकरण फारच अडले तर शिवाजीनगरच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि मुलालाही उत्पन्नाच्या मर्यादेत तो मिळू शकतो. १५१०० हा त्यांचा मदतीचा क्रमांक आहे. १०९८ हा मदतीचा क्रमांक १८ वर्षांखालील मुलांसाठी आहे, तो मुलाला अजून चार महिने उपयोगी आहे.

सहीपुरतेच नव्हे, एकूणच या कामात तुमची जागा कोणती याविषयी माझा एक अनुभव सांगते. मी परिविक्षा अधिकारी असताना एका मुलीचे सगळे अर्ज मीच भरले, मीच जोडपत्रे लावली, मीच कार्यालयात दिले. ते काम लवकर व्हावे एवढाच हेतू होता. पडताळणीला तिला एकटीला बोलावले तेव्हा, ‘तुझा आदेश कोणत्या तारखेचा, अर्ज कशासाठी केला आहेस’ या साध्या प्रश्नांची उत्तरे तिला देता आली नाहीत. समोरच्या माणसाला वाटले की कुणीतरी दुसरेच हिच्या नावाने लाभ घेते आहे, आणि प्रकरण सात महिने मागे पडले. ती रडत रडत माझ्याकडे आली तेव्हा चूक तिची नव्हती, माझी होती. त्यानंतर मी नियम केला की अर्ज मुलांनीच लिहायचा, अक्षर कसेही असो, आणि मी शेजारच्या खुर्चीवर बसायचे. तुम्ही त्यांच्यासोबत जा, रांगेत उभ्या राहा, साहेब रागावले तर शांतपणे दोन शब्द बोला, पण फाइल त्यांच्या हातात असू द्या. एक जाड फाइल, प्लास्टिकच्या कप्प्यांची, मूळ कागद एका बाजूला आणि प्रती दुसऱ्या बाजूला, आणि पहिल्या पानावर कोणता अर्ज कुठे, केव्हा दिला व आवक क्रमांक काय याची त्यांच्याच अक्षरातली नोंद. सगळ्या कागदांचे फोटो त्यांच्या ईमेलमध्येही असावेत, कारण कॉट बेसिसच्या खोल्या वारंवार बदलतात आणि दर बदलीत काहीतरी हरवते.

आणि हे फोटो मदतीच्या आवाहनासाठी कुठेही टाकू नका. मुलगा अजून अठराचा नाही आणि संस्थेतल्या मुलाची ओळख उघड करण्यास बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमाने मनाई आहे. मुलगी सज्ञान आहे, तिच्याविषयी काय सांगायचे हे तिने ठरवायचे. कॉलेजात आणि दुकानात ती कुठे वाढली हे तिने सांगितले आहे की नाही, हे तिला विचारल्याशिवाय तुम्ही तिच्यासोबत तिथे जाऊ नका.

येत्या पंधरा दिवसांपुरते बोलायचे तर रविवारी अधीक्षकांची भेट, सोमवारी मुलीचा समितीला अर्ज आणि त्याच दिवशी अनाथ प्रमाणपत्राच्या प्रस्तावाची चौकशी, एवढे पुरे आहे. मुलाच्या आईला फोनवर गाठता आले तर ती फडावरून गावी केव्हा परतणार ते विचारून ठेवा आणि त्या सुमारास, संस्थेची रीतसर परवानगी घेऊन, मुलाला गावी जाऊ द्या. पहिलीत ज्या शाळेत त्याचे नाव घातले होते त्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा, चुलत्यांच्या दाखल्याची प्रत आणि आईच्या शिधापत्रिकेचे दोन्ही बाजूंचे फोटो त्याने घेऊन यावेत. आईला भेटायला मिळेल ते वेगळेच.